देवघरातला रुपया, पेटीतली गिन्नी : नाण्यात धातू किती आणि त्याची किंमत किती

गोव्यातल्या जुन्या घरात नाण्यांची पिशवी निघाली की तिच्यात चार मुलखांचा माल असतो. व्हिक्टोरिया राणीचा रुपया, पोर्तुगीज अमदानीतली रुपिया, आफ्रिकेहून परतलेल्या आज्याचे शिलिंग, आखातातून आलेली एखादी गिन्नी, आणि वर धनत्रयोदशीला घेतलेलं लक्ष्मीचं नाणं. गिन्नी सोडली तर सगळी एकसारखी काळवंडलेली, सगळी चांदीचीच वाटणारी. ती तशीच एकगठ्ठा काट्यावर टाकली की शेट एकच भाव सांगतो, आणि त्या भावात कोणाचं तरी नुकसान असतंच, बहुधा आपलंच. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी बसून हिशोब करावा. त्याला एक काटा, एक भिंग, एक लोहचुंबक, पाण्याचा पेला आणि तासभर वेळ पुरतो.

मूळ हिशोब एका ओळीचा आहे. नाण्याचं आजचं वजन गुणिले त्याची शुद्धता म्हणजे निव्वळ धातू, आणि निव्वळ धातू गुणिले शुद्ध धातूचा भाव म्हणजे धातूमूल्य. चुका होतात त्या या तीन आकड्यांत: वजन पुस्तकातलं घेतलं जातं, शुद्धता अंदाजाने धरली जाते, आणि भाव भलत्याच कॅरेटचा लावला जातो.

आधी वेगळं करा, मग मोजा

पहिलं काम लोहचुंबकाचं. सोनं, चांदी, तांबं यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही, निकेल चिकटतं. सहाव्या जॉर्जचा १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे, तो निव्वळ निकेलचा आहे. १९४६ आणि १९४७ चे अर्धे आणि पाव रुपयेही तसेच. स्वतंत्र भारताचा १९५० चा रुपयासुद्धा निकेलचा. ही नाणी झटकन चुंबकाला लागतात. चांदीच्या ढिगातून ती आधी काढा, कारण ‘जॉर्जचा रुपया म्हणजे चांदी’ हा समज घरोघरी पक्का बसलेला आहे.

चुंबक मात्र एकाच बाजूने बोलतो. चिकटलं तर चांदी नाही, एवढं नक्की. चिकटलं नाही म्हणून चांदी, असं नाही. तांबं-निकेलचा मिलाफ, पितळ, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण) यांपैकी काहीच चिकटत नाही. १९१९ ते १९२१ च्या दरम्यानचे चार आण्याचे आणि आठ आण्याचे काही नाणेप्रकार तांबं-निकेलचे आहेत, आणि दोन आण्याचं नाणंही १९१८ पासून त्याच मिश्रणाचं झालं. पोर्तुगीज बाजूला १९५२ ची रुपिया तांबं-निकेलची. १९५८-५९ साली रुपियाऐवजी एस्कुद आले, एका रुपियाला सहा एस्कुद आणि एका एस्कुदाला शंभर सेंताव या हिशोबाने. ६० सेंताव आणि १, ३, ६ एस्कुदची नाणी तांबं-निकेलची, त्याखालची १० आणि ३० सेंताव कांशाची. त्यांत चांदीचा कण नाही. चौकटीत लावायला छान दिसतात, तेवढंच.

दुसरं काम साल वाचण्याचं. भिंग आणि बाजूने पडणारा उजेड घ्या. खिडकीशी बसून नाणं तिरकं धरलं की पुसट झालेला आकडाही सावलीने उठतो. साल वाचण्यासाठी नाणं घासू नका. चिंच, आमसूल, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावली की वरचा थर, आणि त्याबरोबर नक्षीचे बारीक उठाव जातात. धातूचं वजन फारसं घटत नाही, पण संग्राहकाची किंमत तिथेच संपते. देवघरातल्या नाण्यावर तेल-कुंकवाचा थर बसलेला असतो. तो कोमट पाण्यात दोन थेंब साबण टाकून तासभर भिजवला की सुटतो. मग मऊ फडक्याने टिपा, चोळू नका. हा थर काढायचा तो सौंदर्यासाठी नव्हे, तोही काट्यावर चांदी म्हणून बसतो म्हणून.

सालावरून शुद्धता

ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया म्हणजे एक तोळा: ११.६६ ग्रॅम, शुद्धता ९१.६७ टक्के, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी. कोऱ्या रुपयात १०.६९ ग्रॅम निव्वळ चांदी. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा चौथ्या विल्यमचा रुपया, १८४० चा व्हिक्टोरियाचा, पुढे एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज, सगळे याच मापाचे. अर्धा रुपया ५.८३, पाव रुपया २.९२ आणि चांदीचे दोन आणे १.४६ ग्रॅम. वजन निम्मं-निम्मं होत जातं, शुद्धता तीच.

१९४० ला हे मोडलं. युद्धाच्या काळात रुपयातली चांदी निम्म्यावर आली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन मात्र ११.६६ च ठेवलं, त्यामुळे हातात घेऊन फरक कळत नाही. १९४० ते १९४५ चा रुपया म्हणजे फक्त ५.८३ ग्रॅम चांदी. १९४० हे साल उंबरठ्यावरचं आहे. त्या सालाचं लहान नाणं हाती आलं तर सालावर न थांबता खाली दिलेली पाण्याची चाचणी करा. निम्म्या चांदीच्या नाण्याला आपल्या दमट खाऱ्या हवेत खाचांमधून हिरवट छटा धरते, ती आतल्या तांब्याची. जुना रुपया काळा पडतो, हिरवा सहसा नाही. हा पुरावा नव्हे, पण ढीग चाळताना उपयोगी पडतो.

आता आपल्या रुपियाकडे. १८७८ च्या पोर्तुगाल-ब्रिटन करारानंतर गोव्याचं चलन ब्रिटिश रुपयाच्या वजन-कसाला जोडलं गेलं. म्हणून १८८१-८२ ची लुईस राजाची रुपिया, १९०३-०४ ची कार्लूशची आणि १९१२ ची प्रजासत्ताकाची, तिन्ही ११.६६ ग्रॅम आणि ९१.७ टक्के. हिशोबाला त्या आणि व्हिक्टोरियाचा रुपया एकाच रांगेत. १९३५ ची रुपिया १२ ग्रॅमची, शुद्धता ९१.७ टक्के, म्हणजे ११ ग्रॅम चांदी. घरात सापडणाऱ्या रुपयांत सगळ्यांत जड चांदी हिच्यात. १९४७ ची रुपियाही १२ ग्रॅमचीच, पण चांदी ५० टक्के, म्हणजे ६ ग्रॅम. १९३५ आणि १९४७ एकाच पुडीत बांधून ‘पोर्तुगीज रुपया’ म्हणून विकणं ही इथली नेहमीची चूक आहे, आणि घेणारा शहाणा असेल तर तो भाव १९४७ चा लावतो.

१८८१ च्या आधीची गोव्यात पाडलेली रुपिया, पार्दाव, शेराफी यांना हा तक्ता लावू नका. त्यांची वजनं हातघडणीची, नाण्यागणिक वेगळी. आणि मुळात ती वितळवायच्या विचाराने मोजायची वस्तूच नव्हे.

पोर्तुगाल आणि मोझांबिकहून आलेली नाणीही निघतात. पोर्तुगालचे १९३२ ते १९४८ चे १० एस्कुद १२.५ ग्रॅमचे, ८३.५ टक्के, १९५४-५५ चे त्याच वजनाचे पण ६८ टक्के. त्याच काळातले ५ एस्कुद ७ ग्रॅम आणि अडीच एस्कुद ३.५ ग्रॅम, दोन्ही ६५ टक्के. मोझांबिकच्या १९५२ ते १९६० च्या चांदीच्या नाण्यांत २० एस्कुद १० ग्रॅम आणि १० एस्कुद ५ ग्रॅम, दोन्ही ७२ टक्के. केनिया-टांगानिकाकडून आलेल्यांच्या पेटीत पूर्व आफ्रिकेचे शिलिंग असतात, सिंह असलेले. १९२१ ते १९४६ चा शिलिंग ७.७८ ग्रॅमचा, पण चांदी त्यात जेमतेम २५ टक्के, १.९५ ग्रॅम. १९४८ पासून तीही नाही. पिशवीभर शिलिंग पाहून हरखून जाऊ नये. उलट ब्रिटनचा १९१९ पर्यंतचा शिलिंग आणि हाफ क्राउन ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ चे ५० टक्के, १९४७ पासून शून्य.

मारिया थेरेसाचा मोठा थालर कधीकधी एडन किंवा मस्कतमार्गे येऊन बसलेला असतो. वजन २८.०७ ग्रॅम, शुद्धता ८३.३ टक्के, निव्वळ चांदी २३.३९ ग्रॅम. त्यावर साल नेहमी १७८० च असतं, नाणं काल पाडलेलं असलं तरी. तेव्हा ‘अडीचशे वर्षांचं’ म्हणून भाव वाढवून मागू नये.

स्वतंत्र भारताचं १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅम, ८० टक्के: १२ ग्रॅम चांदी. त्याच प्रसंगाचा एक रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे. १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं २२.५ ग्रॅम, ५० टक्के. नंतरच्या स्मारक नाण्यांच्या डबीतल्या कागदावर मिश्रण छापलेलं असतं. बहुतेक निम्म्या चांदीची. ही भारत सरकारची नाणी वितळवायला २०११ च्या नाणेकायद्याने मनाई आहे, म्हणून त्यांचं धातूमूल्य फक्त माहितीसाठी काढायचं.

गिन्नी आणि बाकीचं सोनं

ज्याला आपण गिन्नी म्हणतो ते बहुधा सॉव्हरेन असतं. वजन ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, निव्वळ सोनं ७.३२२ ग्रॅम. अर्धं सॉव्हरेन ३.९९४ ग्रॅम, सोनं ३.६६१. व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी दीड मिलिमीटरला किंचित वर. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीतही सॉव्हरेन पडले, त्यांच्यावर बारीक इंग्रजी ‘आय’ आहे. त्याच साली तिथेच पडलेलं पंधरा रुपयांचं सोन्याचं नाणंही वजन-कसाने अगदी सॉव्हरेनइतकंच. सराफी दुकानात ‘गिन्नी’ नावाने मिळणारं आठ ग्रॅमचं नाणं निराळं. त्यावरचा शिक्का वाचूनच शुद्धता धरा.

ब्रिटिश मोहोर ११.६६ ग्रॅम, २२ कॅरेट. पोर्तुगालचे एकोणिसाव्या शतकातले सोन्याचे १०,००० रैश १७.७३५ ग्रॅम, ५,००० रैश ८.८६८, २,००० रैश ३.५४७, शुद्धता ९१.७ टक्के. दक्षिण आफ्रिकेचं क्रूगरँड ३३.९३ ग्रॅमचं, २२ कॅरेट, पण आत पूर्ण एक औंस म्हणजे ३१.१०३ ग्रॅम सोनं. कॅनडाचं मेपल लीफ ३१.१ ग्रॅमचं आणि जवळजवळ तेवढंच सोनं. दोन्ही ‘एक औंस’, तरी काट्यावर जवळपास तीन ग्रॅमचा फरक. जड आहे म्हणून क्रूगरँडला जास्त सोनं धरलं की हिशोब चुकला. फ्रान्सचे २० फ्रँक ६.४५ ग्रॅम, ९० टक्के, सोनं ५.८१.

पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचा डुकाट, साधारण साडेतीन ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचा. त्यावरची उभी माणसं पाहून आपल्याकडे त्याला पुतळी म्हणू लागले, आणि मग आपल्या सोनारांनी शेकडो वर्षं तशाच पुतळ्या पाडल्या, कधी चोख, कधी हीणकस. माळेतल्या एका पुतळीवरून बाकीच्यांची शुद्धता ठरवता येत नाही.

वजन

०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा चालतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा नको. एका गिन्नीवर अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे सहा टक्के. काट्यावर भरवसा ठेवायच्या आधी चालू नाण्यांनी तपासा: २०११ नंतरचं दहा रुपयांचं दोन धातूंचं कोरं नाणं ७.७१ ग्रॅम. चांगली चकचकीत दहा एकत्र ठेवा, ७७.१ च्या आसपास यायला हवं. पंखा बंद करा. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये समुद्राचा वारा येत असेल तर खिडकीही.

प्रत्येक नाणं वेगळं मोजा आणि लिहून ठेवा. पुस्तकातलं वजन नाणं कोरं असतानाचं. हिशोबाला घ्यायचं ते आजचं. वापरून झिजलेला रुपया ११.४ किंवा त्याहूनही खाली उतरतो. झीज सगळ्या धातूची सारखीच होते, शुद्धता बदलत नाही. नाणं पुस्तकापेक्षा जड निघालं तर मात्र थांबा. झीज वजन वाढवत नाही. मळ असेल, झाळ (जोड द्यायला लावलेला धातू) असेल, किंवा नाणं खोटं असेल.

झाळ ही आपल्याकडची मोठी भानगड. गिन्नी गळ्यात घालायला कडी झाळलेली असते, रुपया कमरपट्ट्यात बसवलेला असतो. कडी वेगळ्या कॅरेटची, झाळ त्याहून हलक्या कसाची. सॉव्हरेन कडीसकट ८.६० ग्रॅम भरलं, तर ८.६० ला २२ कॅरेट धरू नका. नाण्याचे ७.९ ते ७.९९ धरा, उरलेल्या ०.६ ते ०.७ ग्रॅमचा कस वेगळा काढा, आणि तो काढता येत नसेल तर १८ कॅरेटच्या वर धरू नका. कडी घरी उपटायचा प्रयत्न करू नये. नाण्याच्या काठाचा लचका तिच्याबरोबर येतो.

पाण्याची चाचणी

साल वाचता येत नाही, नाणं अनोळखी आहे, किंवा फक्त संशय आहे, तेव्हा ही चाचणी. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा आणि शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काट्यावर जो आकडा उमटेल तेवढे घन सेंटीमीटर नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

पाणी नळाचं किंवा गाळलेलं घ्या. किनाऱ्याजवळच्या बांयचं (विहिरीचं) पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि मिठाचं पाणी जड असतं. नाण्याला बुडबुडे चिकटले की आकारमान फुगून दिसतं आणि चांगलं नाणं खोटं ठरतं, म्हणून पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं आत घातल्यावर दोरा हलकेच हलवा.

मिळायला हवेत ते आकडे असे: शुद्ध चांदी १०.४९, ९१.७ टक्क्यांचा रुपया १०.३ च्या आसपास, ८३.५ टक्के म्हणजे १०.२; निम्म्या चांदीचं ९.५ ते ९.७, तांबं-निकेल आणि निकेल ८.९; जर्मन सिल्व्हर ८.६ च्या आसपास, पितळ ८.५. सोन्यात २२ कॅरेटचं नाणं १७.५ च्या जवळ, शुद्ध सोनं १९.३.

एका नाण्यावर ही चाचणी कच्ची असते. रुपयाचं आकारमान १.१२ घन सेंटीमीटर. काटा शंभरांशाने चुकला तरी उत्तर एक टक्का हलतं, आणि ९१.७ व ८३.५ यांच्यातला फरक तेवढाच आहे. म्हणून एकाच सालगटाची पाच नाणी दोऱ्याने एकत्र बांधा. पाच रुपये ५७.९० ग्रॅम, पाण्यात ५.६०: घनता १०.३४, म्हणजे माल जुना आणि चांगला. तेच पाच पाण्यात ६.०५ दाखवू लागले तर घनता ९.५७, म्हणजे निम्मी चांदी. गिन्नीचं आकारमान अर्ध्या घन सेंटीमीटरहूनही कमी, तिथे दोन टक्क्यांची चूक सहज होते. पण पितळ आणि सोन्यातला फरक ओळखायला तेवढं पुष्कळ झालं. तसंही सोनं इतकं जड आहे की पितळेची गिन्नी एक तर वजनाला निम्मी भरते किंवा जाडीला दुप्पट. दोन्ही एकदम साधत नाही. वजन, व्यास आणि जाडी तिन्ही जुळली तर खोट करणाऱ्याला टंगस्टनच वापरावं लागतं, आणि जुन्या घरच्या माळेत ते कोणी घातलेलं नसतं. विसाव्या शतकाच्या मध्यात लेबनॉनकडे पाडलेल्या नकली गिन्न्या मात्र पुष्कळशा खऱ्या सोन्याच्याच होत्या. नाणं खोटं, धातू खरा.

चांदीत नकली माल जास्त आहे. व्हिक्टोरियाची छाप असलेली दिवाळीची नाणी बाजारात नव्याने पाडलेली मिळतात, काही चांगल्या चांदीची, काही नुसता मुलामा. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल, पृष्ठभागावर बारीक खळगे, काठावरच्या रेघा वाकड्या आणि वजन ११.६६ ऐवजी सुटसुटीत १० ग्रॅम: यातलं काहीही दिसलं तर सालाचा तक्ता बाजूला ठेवा आणि पाण्याकडे वळा.

दुकानात कस लावतात किंवा क्ष-किरणाच्या यंत्राखाली नाणं ठेवतात. यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. निम्म्या चांदीच्या जुन्या नाण्यात वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, म्हणून यंत्र ५० ऐवजी बरंच जास्त दाखवू शकतं. मुलाम्याच्या नाण्याला तर ते सरळ चांदी म्हणेल. नाणं खरं असल्याची खात्री आहे आणि तरी यंत्राचा आकडा सालाच्या तक्त्याशी जुळत नसेल तर तक्त्यावर विश्वास ठेवा, आणि माल मोठा असेल तर हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या.

भाव

सोन्याचा भाव दहा ग्रॅमला, चांदीचा किलोला सांगतात. इंटरनेटवर दिसणारा परदेशी भाव ट्रॉय औंसाचा, ३१.१०३५ ग्रॅमचा, त्यात आयात शुल्क नसतं, म्हणून तो रुपयांत आणून इथल्या भावाशी ताडला की कमीच दिसतो. हिशोबाला इथला भाव घ्या, आणि तो ३ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून हे विचारा. आपण विकणार तेव्हा जीएसटी आपल्याला मिळत नाही, म्हणून सोडून असलेला भावच खरा. ‘तोळा’ म्हणताना आज दुकानदार बहुधा दहा ग्रॅम म्हणतो, आजीचा तोळा ११.६६ चा होता. तोळ्यात बोलायचं असेल तर आधी तेवढं स्पष्ट करून घ्या.

सगळ्यांत महाग पडणारी चूक इथे आहे. २२ कॅरेटच्या नाण्याला हिशोब दोन प्रकारे करता येतो: पूर्ण वजन गुणिले २२ कॅरेटचा भाव, किंवा निव्वळ सोनं गुणिले २४ कॅरेटचा भाव. दोन्हींचं उत्तर एकच. पण निव्वळ सोनं काढून त्याला २२ कॅरेटचा भाव लावला की हीण दोनदा वजा होतं. दुकानातल्या कागदावर हे सहज घडतं, कधी घाईत, कधी घाई नसतानाही.

आता एक पिशवी पूर्ण करून पाहू. भाव रोज हलतो, म्हणून समजायला सोपे असे गोल आकडे धरू: २४ कॅरेट सोनं ग्रॅमला १०,००० रुपये, शुद्ध चांदी ग्रॅमला १०० रुपये. पिशवीत १८६२ ते १९१९ चे चौदा रुपये, एकूण १६१.६ ग्रॅम, १९४२ ते ४५ चे नऊ रुपये, १०४.३ ग्रॅम, १९३५ ची एक रुपिया, ११.९२, १९४७ च्या चार रुपिया, ४७.६, आणि एक गिन्नी, ७.९७.

चौदा रुपये: १६१.६ × ०.९१६७ = १४८.१४ ग्रॅम, १४,८१४ रुपये.
नऊ रुपये: १०४.३ × ०.५ = ५२.१५ ग्रॅम, ५,२१५ रुपये.
१९३५ ची रुपिया: ११.९२ × ०.९१७ = १०.९३ ग्रॅम, १,०९३ रुपये.
१९४७ च्या चार: ४७.६ × ०.५ = २३.८ ग्रॅम, २,३८० रुपये.
गिन्नी: ७.९७ × ०.९१६७ = ७.३०६ ग्रॅम, ७३,०६० रुपये.

चांदी एकूण २३५.०२ ग्रॅम, २३,५०२ रुपये. सगळी चांदी न निवडता ३२५.४२ ग्रॅम ‘शुद्ध’ म्हणून धरली असती तर ३२,५४२ चं स्वप्न पडलं असतं. आणि दुकानदाराने सगळीच ‘निम्मी’ म्हणून उचलली असती तर हातात १६,२७१ आले असते, सव्वासात हजार कमी. निवडायला लागलेल्या अर्ध्या तासाची ही कमाई. गिन्नीच्या ७.३०६ ग्रॅमला २२ कॅरेटचा ९,१६७ भाव लावला असता तर ६६,९७४ झाले असते. हीण दोनदा वजा होण्याची किंमत ६,०८६ रुपये.

विकायला गेल्यावर

पूर्ण धातूमूल्य कोणी देत नाही. मोडीचा माल गाळायला खर्च येतो, थोडी घट होते, दुकानदाराचं पोटही असतं. म्हणून भाव विचारू नका, टक्के काढा: त्याने सांगितलेली रक्कम भागिले आपण काढलेलं धातूमूल्य. तीन ठिकाणी विचारा, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाणी घेऊन बसणाऱ्यालाही दाखवा. तो कुठल्या नाण्याकडे दोनदा पाहतो एवढं लक्षात ठेवलं तरी काम झालं. निम्म्या चांदीच्या नाण्याला टक्के जास्त कापले जातात, कारण त्यातून चांदी वेगळी काढायला जास्त खटपट आणि उरतं ते तांबं. ते न्याय्य आहे. ९१.७ टक्क्यांच्या रुपयाला तीच कपात लावली तर उठून यावं. माल आपल्या डोळ्यांसमोर मोजून घ्या, आणि गाळण्याआधी ठरलेला आकडा कागदावर. दोन लाख किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. तेवढी होत असेल तर बँकेतूनच.

गाळण्याआधी काही नाणी बाजूला काढायलाच हवीत. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया त्यातला पहिला: राजाच्या झग्यावरचा हत्ती सोंड आखूड पडल्यामुळे डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या सालापासून चित्र बदललं. १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याची नक्कल मुबलक. १९३८ च्या आकड्याला कानस मारून ३९ केलेला असतो, भिंगाखाली शेवटचा आकडा पाहा. १८८१ च्या आधीचं गोव्यात पाडलेलं कुठलंही सोन्या-चांदीचं नाणं, संत थॉमसची आकृती असलेलं सोन्याचं नाणं, कोऱ्यासारखी राहिलेली १९०३ किंवा १९१२ ची रुपिया, यांना धातूमूल्य ही फक्त तळाची पायरी. नाण्यांच्या जाणकाराने पाहिल्याशिवाय ती मोडीत जाऊ नयेत. भोक पाडलेलं, झाळलेलं, घासून चकचकीत केलेलं नाणं मात्र बहुधा धातूच्याच भावाने जातं.

आणि लिस्बन किंवा लंडनला राहणाऱ्या नातवंडांना ही पिशवी पाठवायचा विचार असेल, तर शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. १९१२ ची रुपिया त्या रेषेपलीकडे कधीच गेली. १९३५ ची २०३५ साली जाईल.